वाटा आधी, मर्यादा मग

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते ते सर आयुष्यभर सहकारात वावरले. वार्षिक सभेत ताळेबंद वाचून झाला की ते उभे राहायचे आणि विचारायचे, नफा किती झाला ते कळलं, आता तो कुणाकुणाच्या वाट्याला किती गेला ते सांगा. आजचा विषय ठरवताना त्यांचा हा प्रश्न माझ्यासमोर होता.

सध्या आपल्या राज्यात एक आकडा सारखा कानावर पडतो. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची, म्हणजे एक लाख कोटी डॉलरची करायची. ती झाली की पुढे काय, असं कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे. पुढे दोन ट्रिलियन. दरसाल ७ टक्क्यांनी वाढणारी कोणतीही गोष्ट साधारण १० वर्षांत दुप्पट होते आणि १०० वर्षांत साडेआठशे पटींच्या पुढे जाते. कृष्णेचं, भीमेचं, गोदावरीचं खोरं मात्र तेवढंच राहणार आहे आणि त्यावर पडणारा पाऊसही.

यावर अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणतील की रुपयांतली वाढ आणि वस्तूंची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवा वाढतील, ज्ञान वाढेल, माल तेवढाच लागेल. तत्त्वतः खरं आहे. प्रत्यक्षात १९७० च्या सुमारास जग वर्षाला साधारण ३० अब्ज टन खनिजं, इंधनं, लाकूड आणि धान्य निसर्गातून काढत होतं. संगणक आले, इंटरनेट आलं, सेवा क्षेत्र शेती-उद्योगाच्या पुढे गेलं, आणि तो आकडा १०० अब्ज टनांच्या घरात पोचला.

हे सांगणारा मी काही पहिला नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत ज्यांनी घालून दिली त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटला दिलेल्या अहवालात बजावलं होतं की या आकड्यावरून देशाचं भलं किती झालं ते ठरवू नका. आपल्या वर्ध्याला मगनवाडीत राहून ग्रामोद्योगाचं काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी तुरुंगात असताना चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, ते १९४५ मध्ये प्रसिद्ध झालं. १९७२ मध्ये डोनेला मेडोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ आलं. मर्यादा आहेत हे सांगून झालं, आकडे मांडून झाले. मला आज त्याच्या पुढच्या प्रश्नावर बोलायचं आहे. एवढं सगळं माहीत असूनही कोणताही समाज थांबू का शकत नाही?

माणूस मुळात हावरट आहे, असं उत्तर आपल्याकडे पटकन दिलं जातं. कीर्तनातही तेच ऐकायला मिळतं. मला ते अपुरं वाटतं. आपण आपले संसार, संस्था आणि सरकारं अशा रीतीनं बांधून घेतली आहेत की वाढ थांबली तर ती कोसळतात. हावरा नसलेला माणूसही त्यात अडकतो. हे कसं होतं ते पाहण्यासाठी मी तुमच्या-माझ्या घरचं उदाहरण घेतो. साखर कारखान्याचं.

प्रवरानगरचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्या कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या तावडीतून सुटण्यासाठी शेतकऱ्यांनी उभं केलेलं ते काम होतं. पुढे त्याच वाटेनं कितीतरी कारखाने निघाले, त्यांच्यामागून शाळा, महाविद्यालयं, दवाखाने, दूध संघ आले. मी ज्या महाविद्यालयात शिकलो ते उसाच्या पैशातून उभं राहिलेलं आहे. तेव्हा पुढे जे बोलणार आहे ते उसावरच्या रागातून बोलत नाही.

कारखाना काढायचा तर कर्ज लागतं. कर्ज फेडायचं तर गाळप लागतं. यंत्रं वर्षातले चार-पाच महिने चालतात, व्याज बारा महिने चालतं. हंगाम दीडशे दिवस चालेल असं धरून हिशेब मांडलेला असतो. ऊस कमी पडला आणि गाळप ९० दिवसांत थांबलं, की टनामागचा खर्च चढतो, शेतकऱ्याच्या उसाचा ठरलेला किमान दर (एफआरपी) थकतो, बँकेचा हप्ता चुकतो आणि कामगारांचे पगार अडकतात. मग कार्यक्षेत्रात ऊस वाढवण्याची मोहीम सुरू होते. बेणं उधारीवर, उपसा योजनेला हमी, ठिबकला अनुदान. ऊस वाढला की दुसरी अडचण येते. तो वेळेत तुटत नाही. नोंद लवकरची असूनही तोड येत नाही, शेतकरी गटऑफिसला खेटे घालतो, तुरा आलेल्या उसाचं वजन घटत जातं. सभेत ओरड होते. संचालक मंडळ विस्तारीकरणाचा ठराव घेतं आणि अडीच हजार टनांचा कारखाना पाच हजार टनांचा होतो, पाचाचा दहा होतो. त्यासाठी नवं कर्ज. क्षमता वाढली की पुन्हा ऊस कमी, आणि शेजारच्या कारखान्यानंही तेच केलेलं असल्यामुळे उसाची पळवापळवी. दोन कारखान्यांत २५ किलोमीटर अंतर असावं असा आपल्या राज्याचा नियम आहे, पण जागच्या जागी क्षमता चौपट करायला अंतराचा नियम आड येत नाही.

या सगळ्या साखळीत एकही माणूस मूर्ख नाही आणि एकालाही वाईट म्हणण्याचं कारण नाही. शेतकऱ्याला हमखास भाव असलेलं एकच पीक दिसतं. संचालकाला हप्ता भरायचा आहे. कामगाराला पगार हवा आहे, बँकेला ठेवीदारांचं व्याज द्यायचं आहे. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणानंच वागतो. आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज होऊन, वर्षाला जेमतेम ५५० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने उभे राहतात. लागवडीखालच्या जमिनीपैकी अगदी थोड्या टक्क्यांवर असलेला ऊस राज्यातल्या सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा पितो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं न्यावं लागलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, पाणी सुमारे ५ लाख लिटर होतं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा तो प्रवास सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिला. ज्या जिल्ह्यात ते पाणी पोचत होतं त्या जिल्ह्यातही साखर कारखाने होते.

२०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रानं सुमारे १३७ लाख टन साखर केली, तो विक्रम होता. तेव्हा मे महिन्यात उभा ऊस शिल्लक राहिला म्हणून शेतकरी हवालदिल होता. तीन वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, उत्पादन ८० लाख टनांच्या आसपास आलं आणि बऱ्याच कारखान्यांचा हंगाम १०० दिवससुद्धा चालला नाही. तेव्हा कारखाने हवालदिल होते. वाढीवर उभ्या असलेल्या व्यवस्थेला जास्तही झेपत नाही आणि कमीही सोसत नाही.

साखर जास्त झाली तर इथेनॉल करू, हा मार्ग निघाला. तो हरित इंधनाचा मार्ग म्हणून सांगितला जातो. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात उसापासून एक लिटर इथेनॉल करायला किमान २,८६० लिटर पाणी लागतं असा हिशेब आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला म्हणून केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी बंदी घातली आणि थोड्याच दिवसांत ती सैल केली, कारण तोवर डिस्टिलरीसाठी कर्जं काढून झालेली होती. ठिबकचंही असंच झालं. ठिबकनं पाणी वाचतं यात शंका नाही. पण वाचलेलं पाणी विहिरीत शिल्लक राहिलं असं मी फार कमी ठिकाणी पाहिलं. ते शेजारच्या दोन एकरांवर गेलं. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये इंग्लंडमधल्या कोळशाबद्दल हेच दाखवलं होतं. वाफेची यंत्रं सुधारली, कोळसा कमी लागायला लागला, आणि म्हणून देशाचा एकूण कोळसा जास्त जळायला लागला. काटकसरीनं पाणी वाचतं ते शिल्लक तेव्हाच राहतं, जेव्हा एकूण किती वापरायचं याची हद्द आधी ठरलेली असते.

या साखळीच्या अगदी खालच्या टोकाला ऊसतोडीचा कोयता आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना इथून दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. हंगाम संपताना ती फिटली तर ठीक, नाही फिटली तर पुढच्या हंगामाला माणूस बांधलेला. पहाटे अंधारात फड सुरू होतो, बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते आणि खोपीवर येऊन चूल पेटवते. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड धरतो. पाळीच्या चार दिवसांचाही खाडा परवडत नाही म्हणून बायकांनी गर्भाशयं काढून टाकली, हे २०१९ मध्ये राज्यभर बोललं गेलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. वर कारखान्यानं बँकेची उचल घेतलेली असते, खाली कोयत्यानं मुकादमाची. पुढच्या वर्षी जास्त तोडायचं बंधन दोघांवरही आहे. फक्त त्याची किंमत दोघं सारखी मोजत नाहीत.

आता कारखान्याच्या जागी देश ठेवून पाहा. सरकारनं कर्ज घेतलेलं आहे, त्याचं व्याज पुढच्या वर्षीच्या वाढलेल्या करातून द्यायचं असं धरलेलं आहे. पेन्शन फंडांचे पैसे शेअर बाजारात आहेत. यंत्रं दरवर्षी सुधारतात, म्हणजे तेवढ्याच मालाला कमी माणसं लागतात. मग सगळ्यांना कामावर ठेवायचं असेल तर दरवर्षी जास्त माल काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. १९३० मध्ये केन्स यांनी लिहिलं होतं की यंत्रांची ही बचत माणसाला फुरसतीच्या रूपानं मिळेल आणि शंभर वर्षांत आठवड्याला १५ तास काम पुरेल. शंभर वर्षं पुरी होत आली आहेत. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतल्या तरुणांना विचारा, ते आठवड्याला किती तास काम करतात. बचत झाली, पण ती वेळ म्हणून वाटली गेली नाही.

माझ्या मते मुद्द्याची गाठ इथे आहे. वाढ चालू असते तोवर वाटणीचा प्रश्न पुढे ढकलता येतो. आज तुला कमी मिळालं असेल, पण थांब, एकूण वाढू दे, उद्या तुझाही वाटा वाढेल, असं सांगता येतं. ज्याच्याकडे जास्त आहे त्याला काही सोडावं लागत नाही आणि ज्याच्याकडे कमी आहे त्याला वाट पाहायला लावता येतं. लोकशाही राज्यांना वाढीची एवढी ओढ असते ती यासाठी. वाटणीचं भांडण टाळण्याचं एवढं सोयीचं दुसरं साधन नाही.

आणि वाटणी न ठरवता वाढ थांबली तर काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. २०२० मध्ये देश बंद झाला. ज्यांचे पगार चालू होते ते घरात बसले. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांतले काही मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जाण्यासाठी रुळांवरून चालत भुसावळकडे निघाले. पोलिसांची नजर चुकवत रात्रभर चालले, थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले, आणि ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखाली १६ जण गेले. त्यांच्यासोबतच्या पोळ्या रुळांमध्ये विखुरलेल्या होत्या. वाढीपलीकडच्या समाजाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकानं हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावं. वाढ थांबवणं ही एक गोष्ट, आणि वाढ थांबली तरी कुणी रस्त्यावर येणार नाही अशी व्यवस्था करणं ही वेगळी गोष्ट. पहिली गोष्ट एखादा विषाणूही करू शकतो. दुसरी आपल्याला करावी लागते.

ती करता येते का? आपल्याच राज्यात, आपल्याच माणसांनी ती दोनदा करून पाहिली आहे, आणि दोन्ही वेळा ती आकाराला आली ती १९७२ च्या दुष्काळातून.

विलासराव साळुंखे पुण्यातले अभियंते, स्वतःचा कारखाना असलेले उद्योजक. दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेले तेव्हा हजारो माणसं कामावर खडी फोडताना त्यांनी पाहिली. त्या खडीनं पुढचा दुष्काळ अडणार नव्हता. पत्नी कल्पनाताई आणि त्यांनी १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केलं. नायगावच्या देवस्थानाची १६ हेक्टर माळाची जमीन ५० वर्षांच्या करारानं घेतली, उतारावर बांध घातले, पायथ्याला पाझर तलाव केला, त्याखाली विहीर काढली आणि पाणी वर चढवलं. माळ हिरवा झाला. इथवर ही पाणलोटाच्या कामाची गोष्ट आहे, तशा अनेक ऐकलेल्या असतील. वेगळेपण पाणी आल्यानंतर दिसलं.

पाणी वाटायचं कसं, याचे नियम या कामातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीनं ठरवले. पाणी जमिनीच्या हिशेबानं द्यायचं नाही, माणसाच्या हिशेबानं द्यायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. योजना एकट्यादुकट्याची होणार नाही, गटाची होईल. खर्चाचा २० टक्के वाटा गटातल्या शेतकऱ्यांनी आधी भरायचा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही, तो गटाकडे परत येईल. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. आणि ऊस, केळीसारखं जास्त पाण्याचं पीक घ्यायचं नाही. पाण्याची पाळी चुकू नये म्हणून पाणी सोडणारा पाटकरी गटाचाच, त्याचा पगार गटानं द्यायचा.

हे नियम जरा जवळून पाहू. वीस एकर जमीन असलेला आणि घरात पाच माणसं असलेला शेतकरी घ्या. त्याला पाणी अडीच एकरापुरतं. उरलेली साडेसतरा एकर पावसावर. शेजारी तीन एकर जमीन आणि घरात पाचच माणसं असलेल्या कुटुंबालाही पाणी तेवढंच. भूमिहीन मजुराकडे आता पाणी आहे आणि मोठ्या शेतकऱ्याकडे कोरडी जमीन आहे. वाट्यानं शेत करायची बोलणी निघाली, तर ती पूर्वीसारखी एका बाजूनं होत नाहीत. आणि उसाची बंदी? उसावर बंदी घालणारे आदेश सरकारी फायलींत कमी निघालेले नाहीत. ते पाळले गेले नाहीत. इथे ती पाळली गेली, कारण तिच्या शेजारी वाट्याचा नियम होता. आपण ऊस लावला नाही तर वाचलेलं पाणी वरच्या वाड्यातला पाटील ओढून नेईल, ही भीतीच उरली नव्हती. आपला अर्धा एकर पक्का आहे हे कळल्यावर माणूस ज्वारी, गहू, कांदा, भाजीपाला असा विचार करायला मोकळा झाला.

मी वाटा आधी म्हणतो तो या अर्थानं. लोकांना मर्यादा नको असते असं आपण धरून चालतो. मला तसं दिसत नाही. आपण मर्यादा पाळायची आणि दुसऱ्यानं ओरबाडायचं, हे लोकांना नको असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पुढे पाणी पंचायतीच्या बऱ्याच योजना बंद पडल्या. विजेची बिलं थकली, मोटारी जळल्या, काही वर्षं तलावच भरले नाहीत, कुणी स्वतंत्र विहिरी खोदल्या. साळुंखे २००२ मध्ये गेले. आजूबाजूला सगळं राज्य पाणी जमिनीमागे आणि पैशामागे देत असताना, मूठभर गावांनी ते माणसामागे देत राहावं ही अपेक्षाच अवघड होती. पण तो विचार विरला नाही. खानापूर तालुक्यात येरळेच्या वाळूच्या पैशातून लोकांनी बळीराजा धरण बांधलं आणि पाणी समान वाटायचं ठरवलं. आटपाडीच्या दुष्काळी भागात समन्यायी पाणीवाटपाची चळवळ उभी राहिली. हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गाव दरवर्षी पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरवतं. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. पाणी कमी पडलं तर कमी पाण्याची पिकं. वाढीचा दर किती हे त्या ताळेबंदात कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट रोजगार हमीची. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती, सर्वोदयी विचारांचे. ज्याला अंगमेहनतीचं काम हवं त्याला ते मागितल्यावर मिळालंच पाहिजे, ही त्यांची कल्पना साठच्या दशकात तासगाव तालुक्यात लहान प्रमाणावर तपासून पाहिली गेली. मग दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून १९७७ चा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमतानं केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर भत्ता. २००५ मध्ये केंद्रानं देशासाठी कायदा केला, तेव्हा पाया हाच होता.

या कायद्याचं मोठेपण आपल्या लक्षात पुरतं आलेलं नाही असं मला वाटतं. काम मिळेल ते वाढ झाली तर मिळेल, उद्योग आला तर मिळेल, हा जो सांधा होता तो या कायद्यानं सोडवला. अर्थव्यवस्था वाढो की आटो, कामाचा हक्क कायम. आणि त्यासाठी पैसा कुठून आणला? वाढीची वाट न पाहता ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. बागायत जमिनीवरही या कामासाठी कर होता. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्याकडून घालायची. इथे बसलेल्या नोकरदारांच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची ती ओळ आजही आहे. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. तो पैसा कशासाठी कापला जातो हे शंभरातल्या पाच जणांना तरी ठाऊक असेल का, शंका आहे. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून माणच्या आणि आष्टीच्या मजुराला काम, अशी ती वाटणी होती. ती कायद्यानं झाली, दोन्ही बाजूंच्या आमदारांनी हात वर करून केली.

मला नेहमी विचारलं जातं, आपला देश अजून गरीब आहे, वाढीपलीकडे जाण्याची भाषा श्रीमंतांना शोभते, आपण कशाला करायची? प्रश्न रास्त आहे. मेळघाटात दवाखाने वाढायला हवेत, मराठवाड्यात नळ वाढायला हवेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहं वाढायला हवीत, कोरडवाहू शेतकऱ्याचं उत्पन्न वाढायला हवं. यातल्या एकाही वाढीला माझा विरोध नाही. पण ही वाढ एकूण आकडा फुगला की आपोआप खाली झिरपते, असा अनुभव नाही. केरळनं उलट वाट दाखवली. १९७५ मध्ये तिरुअनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजनं संयुक्त राष्ट्रांसाठी केलेल्या अभ्यासात दिसलं की दरडोई उत्पन्नात मागे असलेलं ते राज्य साक्षरतेत आणि आयुर्मानात देशाच्या कितीतरी पुढे होतं. जमीन सुधारणा, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, रेशन. वाटणी आधी झाली होती, उत्पन्न मागून वाढलं. गरीब देशाला तर हा हिशेब जास्तच लागू पडतो, कारण आपल्याकडे वाया घालवायला पाणीही नाही आणि वेळही नाही.

युरोपात यावर आता बरंच बोललं जातं. मे २०२३ मध्ये युरोपीय संसदेत वाढीपलीकडच्या अर्थव्यवस्थेवर मोठी परिषद झाली. न्यूझीलंडनं २०१९ मध्ये लोकांच्या कल्याणाच्या निकषांवर अर्थसंकल्प मांडला. त्यातून शिकण्यासारखं आहे. मात्र माणशी पाणी आणि मागेल त्याला काम, या दोन गोष्टी आपण त्यांच्या पन्नास वर्षं आधी करून पाहिल्या आहेत, आणि त्या कुठे अडल्या तेही आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करावी.

त्यासाठी दोन ठोस गोष्टी मांडतो. पहिली, पाण्याची. ज्या धरणांच्या आणि उपसा योजनांच्या लाभक्षेत्रात पाणी नव्यानं पोचतं आहे, टेंभू, ताकारी, म्हैसाळसारख्या, तिथे पहिला हक्क माणशी ठरवा आणि नंतर पिकाचं बोला. जिथे ऊस आधीच पसरलेला आहे तिथे कारखान्यांची थकलेली कर्जं पुन्हा पुन्हा नव्या हमीवर पुढे ढकलू नका. त्याऐवजी गाळप क्षमता कमी करण्याच्या अटीवर ती पुनर्रचित करा. आज सरकार विस्ताराला हमी देतं. तीच हमी आवरतं घेण्याला दिली तर संचालक मंडळांना श्वास घेता येईल. त्या अटीत ऊसतोड कामगारांच्या उचलीतून सुटकेचाही समावेश असला पाहिजे, कारण गाळप कमी झालं तर पहिला फटका त्यांना बसणार आहे.

दुसरी, कराची. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार व्यवसाय कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही मर्यादा १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीनं २५० वरून २,५०० केली, आणि तेव्हापासून ती तिथेच आहे. १९८८ मध्ये अडीच हजार रुपये म्हणजे पुष्कळ जणांचा महिन्याचा पगार होता. आज महिन्याला १५ हजार मिळवणारा शिपाई वर्षाला अडीच हजार भरतो आणि वर्षाला कोट्यवधी मिळवणारा कंपनीचा प्रमुखही अडीच हजारच भरतो. ज्या करातून या राज्यानं कामाची हमी उभी केली तो कर सदतीस-अडतीस वर्षं गोठून पडला आहे, आणि हमी निधीतला पैसा पुरता खर्च होत नाही ही तक्रारही तितकीच जुनी आहे. मर्यादा उठवून कर उत्पन्नाच्या प्रमाणात करावा, निधी फक्त कामाच्या हमीसाठी बांधून टाकावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभांपुढे ठेवावा, अशी मागणी करणारा ठराव महाराष्ट्राच्या विधिमंडळानं केंद्राकडे पाठवावा. आज या सभागृहात आजी आणि माजी मिळून काही आमदार बसलेले आहेत. येत्या अधिवेशनात हा ठराव कोण मांडणार, ते त्यांनी याच सभेत सांगावं अशी माझी त्यांना विनंती आहे.